पाहुण्यांसाठी घेतलेली खोली

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका मापं देता देता हमखास विचारतात, "ताई, बाळंतपण सरकारीत करावं का सेमीत?" कुणाची सून गरोदर असते, कुणाची लेक. मलाच विचारतात, कारण मी दोन्ही पाहिलंय, तेही एकाच दिवसात. सकाळी सेमीत होते, दिवस मावळायच्या आत सरकारीत.

सेमी म्हणजे खाजगी दवाखान्यातली मधली सोय. खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा, लागूनच संडास-बाथरूम. स्पेशल खोलीइतका खर्च नाही, आणि जनरलमध्ये टाकली असं कुणी म्हणायला नको.

पूर्वी मी त्या बायकांना "तुमच्या ऐपतीप्रमाणे बघा" असं गुळमुळीत उत्तर द्यायचे. आता देत नाही. माझं काय झालं ते सरळ सांगते, आणि इथंही तसंच लिहिणार आहे. गोड करून सांगायला मला जमणार नाही. माझ्याशी जे केलं ते सगळं गोड बोलूनच केलं होतं.

नाव कुठं घालायचं

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. आमचे मिस्टर नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, तिथंच क्वार्टरमध्ये आम्ही दोघं. सासर येवल्याकडचं, कांद्याची शेती. सासूबाई गावीच असायच्या, मन लागलं नाही की एसटीनं आमच्याकडे येऊन राहायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. बोलायला फटकळ. माझ्या माहेरचे लोक त्यांना टरकून असत.

माझं माहेर मखमलाबाद रस्त्याला. मळ्यात मेथी, कोथिंबीर, शेवंती, झेंडू. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर आमच्यात ठरलेलंच. कुठं करायचं, खर्च किती करायचा, सगळं मुलीच्या बापानं बघायचं. सासरच्यांनी नुसतं बघायला यायचं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं नाव सरकारी दवाखान्यात घातलं होतं. दर तपासणीला ते बरोबर यायचे. पहाटे भाजी मार्केटला टाकायची, मग मला घेऊन रांगेत बसायचं. कधी कुरकुर नाही. तिथल्या डॉक्टरबाई मला आवडायच्या. एवढ्या गर्दीत त्या मला "सुनंदा" म्हणून नावानं हाक मारायच्या, आणि एकदा सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहायचं.

आठव्या महिन्यात माझे पाय सुजले. बाईंनी बीपी दोनदा बघितलं आणि अण्णांना आत बोलावलं. त्या काय म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"हिला इथेच आणायचं. कळा सुरू झाल्या की लगेच. बीपी वाढतंय हिचं. काही गडबड झालीच तर इथे रक्त मिळेल, भूल देणारे डॉक्टर आहेत. छोट्या दवाखान्यात नेलंत तर ऐनवेळी तुमची पळापळ होईल."

अण्णांनी हात जोडले. "इथंच आणतो, म्याडम. दुसरीकडं कशाला नेऊ?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, मला भीती वाटते."

"भ्यायचं नाय. तुझ्या मनात हाय तसंच व्हईल," अण्णा म्हणाले.

माझा बाप आयुष्यात माझ्याशी खोटं बोलला नव्हता. मी निर्धास्त झाले.

शेजारच्या मळ्यातली खोली

त्याच सुमारास शेजारच्या मळेवाल्यांच्या मुलीचं बाळंतपण सेमीत झालं. कॉलेज रोडच्या बाजूला एक नवीन नर्सिंग होम निघालं होतं, तिथं. आम्ही बाळाला बघायला गेलो होतो. खोलीत टीव्ही, पाहुण्यांना बसायला गादीचा बाक, खिडकीला पडदे. त्या मुलीचे वडील खोली दाखवत होते, "हितं बटन दाबलं की सिस्टर येती." अण्णांनी ते बटणसुद्धा निरखून पाहिलं.

परत येताना आई म्हणाली, "त्यांच्या व्याह्यांना नावं ठेवायला जागाच नाय ठेवली." मला तेव्हा काहीच खटकलं नाही. खटकायला हवं होतं, पण आपल्याच आईबापांवर पाळत कोण ठेवतं?

रस्ता बदलला

सकाळी चहा घेताना कळ आली. अण्णांनी शेजारची जीप बोलावली. शेजारीण, आई, मी मागे, अण्णा पुढे. मी डोळे मिटून बसले होते. उघडले तर जीप भलत्याच रस्त्याला लागलेली.

"अण्णा, हा रस्ता नाही."

"हाय, हाय. तू गप पड जरा."

"अहो अण्णा, सरकारी तिकडं राहिलं!"

आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, खोली बघ तरी कशी हाय. महिन्यापूर्वीच सांगून ठेवलीय अण्णांनी."

महिन्यापूर्वी! म्हणजे माझ्याबरोबर शेवटच्या तपासणीला रांगेत बसले होते तेव्हा यांची खोली ठरलेली होती. बाईंपुढे हात जोडले तेव्हाही मनात हीच खोली होती की काय, देव जाणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण कळा येत असताना माणूस किती भांडणार?

"डॉक्टरबाईंनी काय सांगितलं होतं? तुमच्यासमोर सांगितलं ना?" मी ओरडले.

अण्णा मागे वळले नाहीत. "हितं बी डॉक्टरच हायेत की. उद्या येवल्याची मानसं बघायला येतील, त्यांना त्या हॉलमधी कुठं उभं करू? लोक म्हनतील, पोरीचं फुकटात उरकलं."

म्हणजे एवढंच होतं त्यामागे. खोली माझ्यासाठी नव्हतीच. ज्या माणसांचा अजून पत्ता नव्हता, त्यांच्या बसण्याची सोय होती ती.

चांगली खोली

खोली छान होती, खोटं कशाला बोलू. पांढऱ्याशुभ्र चादरी, संडास लख्ख. पलीकडची खाट रिकामी होती म्हणून आई आणखीनच खूश. तिनं पिशवीतून स्टीलचे पेले काढून ओळीनं मांडले. चटई आणली होती, चिवड्याचा डबा आणला होता. एखाद्या कार्यक्रमाची तयारी चालावी तशी तिची लगबग चालली होती. माझी मावशी आणि तिच्या सुना तर बाळ व्हायच्या आधीच येऊन बसल्या.

माझं डोकं ठणकायला लागलं. साधं नाही, कपाळ फुटेल असं. डोळ्यांपुढे चकचकीत ठिपके नाचायला लागले. मी ते बटण दाबलं. सिस्टर आली. अगदी पोरसवदा मुलगी होती बिचारी.

"पहिलटकरीण आहात ना, म्हणून घाबरलात," ती म्हणाली.

"माझं बीपी बघा. मला बीपी आहे."

"डॉक्टर आले की बघतील."

डॉक्टर आले, पोट बघितलं, इंजेक्शन सांगितलं आणि "अजून वेळ आहे" म्हणून गेले. मी अण्णांना जवळ बोलावलं. त्यांच्या हातात थर्मास होता, मावशीच्या सुनांना चहा ओतत होते.

"अण्णा, मला सरकारीत न्या. पाया पडते तुमच्या. डोकं फुटतंय माझं."

"थोडंच ऱ्हायलंय आता. कळ काढ," असं म्हणून ते पेला घेऊन मावशीकडे गेले.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मला झटके आले म्हणे. दातखीळ बसली. मुलगी झाली ती कधी झाली, कशी झाली, मला पत्ता नाही. मग रक्त जायला लागलं ते थांबेना. नर्सिंग होमचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "रक्त लागेल, आमच्याकडे सोय नाही. सरकारीत न्या, ताबडतोब."

सोय नव्हती हे त्यांना सकाळी माहीत नव्हतं? आणि स्ट्रेचर हलायच्या आधी काउंटरवरच्या माणसानं खोलीचे पैसे भरून घेतले. हे मला मावशीच्या सुनेनं सांगितलं. आईनं आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या खाटेवरची यशोदा

सरकारीत नेल्यावर डॉक्टरबाईंचा आवाज मात्र मी ऐकला. "हिला इथेच आणायला सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

शुद्ध आली तेव्हा मी मोठ्या वॉर्डात होते. खाटांची रांगच रांग, कुणाचं बाळ रडतंय, कुणाची सासू ओरडतेय, फिनेलचा वास. पोटावर पट्टी. हात लावायला गेले तर आई म्हणाली, "हात लावू नको. रक्त थांबत नव्हतं, म्हणून पोट उघडून थांबवलं त्यांनी."

"बाळ?"

आईनं बाजूच्या खाटेकडे बोट दाखवलं. पेठकडची एक बाई होती, यशोदा. माझ्याहून लहान असेल. तिचं स्वतःचं बाळ मांडीवर झोपलेलं, आणि माझ्या मुलीला ती पाजत होती.

"तुमाला सुध नव्हती ना," ती म्हणाली. "पोर भुकेनं रडत व्हती. मला लय दूध हाय."

तिच्या आईनं नाचणीची पेज आणली होती, ती मलाही पाजली. माझ्या आईला एरवी कुणाच्या हातचं चालत नाही, पण त्या दिवशी ती गप्प बसून होती. यशोदाला मी पुढे कधी भेटले नाही. त्या दवाखान्यातलं निखळ चांगलं असं मला काही आठवत असेल तर ती एवढीच.

मिस्टर ड्यूटीवरून तसेच आले होते, कपड्यांना कोळशाची भुकटी लागलेली. माझा हात धरून हुंदके देऊन रडले. मला वाटलं, मी वाचले म्हणून रडतायत. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं होतं.

राउंडला डॉक्टरबाई आल्या. थकलेल्या दिसत होत्या. माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "जीव वाचला, हे मोठं आहे सुनंदा. बाकीचं मी घरच्यांना सांगितलंय."

मी मान हलवली. बाकीचं म्हणजे पथ्यपाणी, टाके कधी काढायचे, असलं काहीतरी. घरच्यांना सांगितलं म्हणजे मला सांगितल्यासारखंच, असं मला वाटलं. आज त्या भेटल्या तर मी विचारीन, बाई, मी शुद्धीवर होते, तुमच्यासमोर होते, तुम्ही मला नावानं हाक मारत होतात. मग मलाच का नाही सांगितलंत?

दूध पाजतेस म्हणून

मळ्यात सव्वा महिना शेक-शेगडी झाली. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली. येवल्याहून माणसं बघायला आली ती मळ्यातच, ओसरीवर बसली, जेवली आणि मजेत गेली. कुणी दवाखान्याची चौकशीसुद्धा केली नाही.

मुलीचं नाव अश्विनी ठेवलं. मी एकलहऱ्याला परत गेले. आत्याबाई महिना-दोन महिन्यांनी यायच्या आणि आल्या की सुरू. "पोरगी गोड हाय गं. आता पाठीवर भाऊ पायजे तिला." गावच्या देवीला नवस बोलून ठेवला होता त्यांनी. मला राग यायचा, पण मलाही दुसरं मूल हवंच होतं. मी एकटी नव्हते वाढले, माझी लहान बहीण लता मला जीव की प्राण. अश्विनीला कुणीतरी असावं असं मला मनापासून वाटायचं.

पाळी आली नव्हती. आईला विचारलं. आई भाजीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "दूध पाजतेस म्हनून. मला बी तू अंगावर व्हतीस तवर आली नव्हती."

पुन्हा काही महिन्यांनी विचारलं, तेव्हाही तेच उत्तर. मिस्टरांना म्हटलं तर ते म्हणाले, "तुझ्या आई सांगतात ना, मग असेल तसंच."

अश्विनी चालायला लागली, वरचं खायला लागली. मी दूध तोडलं. दोन महिने गेले, पाळी नाहीच. आणि मग मला वाटलं ते कुठल्याही बाईला वाटलं असतं. मला तर मळमळायलासुद्धा लागलं होतं! चिंच खावीशी वाटत होती. मन काय काय करतं बघा.

मी मिस्टरांना सांगितलं. लाजत सांगितलं. ते जेवत होते. घास तसाच राहिला हातात.

"आधी डॉक्टरांना दाखवून ये," ते म्हणाले.

आत्याबाईंनी आतून ऐकलं. त्यांना कुठला धीर! संध्याकाळी क्वार्टरच्या अख्ख्या ओळीत पेढे वाटून आल्या. मिस्टरांच्या हातावरही एक ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

पिशवी

नाशिक रोडला एका लेडी डॉक्टरकडे गेले. आत्याबाई अश्विनीला घेऊन बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी तपासलं, पोटावरचा व्रण बघितला, पुन्हा तपासलं.

"हे ऑपरेशन कशाचं?"

"बाळंतपणात रक्त थांबत नव्हतं, ते थांबवायचं."

"थांबवलं, पण पिशवी काढून थांबवलंय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरच्या कुणीतरी सही दिली असेल. त्याशिवाय करत नाहीत."

पाणी दिलं त्यांनी मला. ते प्यायले आणि उठले. बाहेर आत्याबाई उभ्याच होत्या. "कितवा चाललाय?"

"अजून नक्की नाही," मी म्हटलं. रिक्षात त्या अश्विनीला "भाऊ येनार, भाऊ येनार" करत खेळवत होत्या. मला वाटत होतं आत्ता रिक्षातून उडी टाकावी.

मला वाटलं, डॉक्टर सांगतील

मिस्टर दुपारी फर्स्ट शिफ्ट करून आले. आत्याबाई अश्विनीला घेऊन शेजारी गेल्या होत्या. मी म्हटलं, "माझी पिशवी काढलीय. मला आता मूल होणार नाही."

ते बुटाची नाडी सोडत होते. सोडतच राहिले. वर बघितलं नाही, दचकले नाहीत, काय म्हणतेस म्हणून विचारलं नाही. मला समजलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तेव्हाच. मी पोचेपर्यंत अण्णांनी सही केली होती. करावीच लागली, सुनंदा, तू गेली असतीस. मग त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, तिला आत्ता सांगू नका, धसक्यानं दूध आटेल."

"बरं. आणि दूध तोडल्यावर?"

त्यांनी बूट काढून खाटेखाली सरकवले.

"पेढे वाटले तेव्हा? तुम्ही पेढा खाल्लात हो!"

"मला वाटलं, डॉक्टर सांगतील," ते म्हणाले.

या माणसाबरोबर मी आजही संसार करते. चांगला माणूस आहे. दारू नाही, तमाशा नाही, पगार हातात आणून देतो. पण ते वाक्य मी विसरू शकलेले नाही. जे नवऱ्यानं सांगायचं ते त्यानं एका परक्या बाईवर सोडून दिलं, आणि मला हसत हसत तिकडं जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात गेले. आई मला बघूनच समजली आणि पदर तोंडाला लावला.

"तुझ्याच भल्यासाठी गं. आत्याबाईंना कळलं असतं तर त्यांनी दुसरी करून आनली असती."

"मग त्यांना नव्हतं सांगायचं. मला तर सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

बघा, एवढा विचार केला होता त्यांनी. माझं तोंडसुद्धा हिशेबात धरलं होतं. फक्त मला धरलं नव्हतं. आई रडली, पण मी बघत होते, तिचं रडणं जुनं झालं होतं. या सगळ्यांचं माझ्या वाटचं रडून झालं होतं. मला कळलं तेव्हा माझ्याबरोबर रडायला कुणी शिल्लक नव्हतं.

अण्णा विहिरीकडून आले. मी म्हटलं, "सही केलीत त्याबद्दल मी काही म्हणत नाही. त्या खोलीत का नेलंत?"

"नशिबात व्हतं बाई," अण्णा म्हणाले आणि मोटर चालू करायला निघून गेले.

ज्यांना घाबरून सगळं लपवलं

आत्याबाईंना मी स्वतः सांगितलं. मिस्टर नको नको म्हणत होते, मी त्यांनाही समोर बसवलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, जीपपासून पिशवीपर्यंत. मनाची तयारी केली होती की आता ही बाई गाव गोळा करणार.

त्यांनी हातातले तांदूळ खाली ठेवले. मग सूप बाजूला सारलं.

"मला काय डाकीन समजता काय रं तुमी समदे?" हे मिस्टरांना. "दीड वरीस मी हिला मुलगा मुलगा करून टोचतेय, आन् तू बसून ऐकतो? एका शब्दानं बोलला नाय? आरं, मी नवस बोलले. मी दारोदार पेढे वाटले. आता त्या बायांना कोन्त्या तोंडानं सांगू?"

"आई, तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"वाटलंच असतं! वाटू द्यायचं व्हतं. मी काय हिला गिळनार व्हते?" मग माझ्याकडे वळल्या. "आन् ती खोली माझ्या मानसांसाठी घेतली म्हनतो तुझा बाप? मला कुनी इचारलं? मी झाडाखाली बसून नात बघितली असती गं."

आणि ही फटकळ बाई, जिच्या धाकानं माझ्या आईबापांनी मला माझ्याच पोटातलं कळू दिलं नाही, ती तोंडात पदर कोंबून रडली. मी रडले नाही. मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले. नातवाची हौस त्यांची गेली असेल असं नाही. माझ्या चुलत जावेच्या मुलाला घेताना त्यांचा चेहरा मला दिसायचा. पण माझ्यासमोर पुन्हा "मुलगा" हा शब्द त्यांनी काढला नाही.

तर सरकारी का सेमी?

मी कुणालाच सेमी वाईट म्हणत नाही. सरकारीतली गर्दी मी सोसलीय, तिथं टेकायला जागा नसते आणि बाळंतिणीला झोप मिळत नाही. पैसे असतील तर स्वच्छ खोलीत कुणाला नाही आवडणार? पण खोली बघायला जाल तेव्हा पडदे बघू नका. रक्त लागलं तर कुठून आणणार ते विचारा. भूल देणारे डॉक्टर बोलावल्यावर किती वेळात येतात, बीपी वाढलं तर इथे ठेवणार का दुसरीकडे पाठवणार, तेही विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला तर उठून या. आणि जिला बाळंत व्हायचंय तिला विचारा. तिला नऊ महिने सगळे विचारतात, काय खावंसं वाटतं. तिला कुठं जावंसं वाटतं हे कुणी विचारत नाही.

आणि बायांनो, डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर पहिलं मला सांगा. घरच्यांना नंतर.

लताच्या खोलीत

लताचं बाळंतपण झालं त्याला आता तीन-चार वर्षं झाली. तिनं सगळं स्वतः चौकशी करून ठरवलं. मोठा दवाखाना, रक्तपेढी तिथंच, डॉक्टर चोवीस तास. खोली सेमीच घेतली तिनं. मला आधी विचारलं, "ताई, तुला चालेल ना?" मी म्हटलं, वेडी आहेस का, तुझं बाळंतपण आहे.

मुलगा झाला, दोघं सुखरूप. तिची सासरची माणसं बघायला आली. बाकावर, खुर्च्यांवर, दारात, सगळीकडे माणसं. मी, आत्याबाई, आई, सगळ्याच होतो. अण्णा आता थकलेत. ते मध्ये बसले होते, खुशीत होते. लताच्या सासऱ्यांनी सहज विचारलं, "मोठीला एकच मुलगी ना?"

"हां," अण्णा म्हणाले. "तिच्या येळेला बी अशीच खोली केली व्हती, काय कमी नव्हतं केलं. पर नशिबानं दगा दिला."

इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकत आले होते. लग्नात, बारशात, कुणाच्या मयताला गेलं तरी. प्रत्येक वेळी मूग गिळून बसले होते. त्या दिवशी नाही बसता आलं.

"नशिबानं नाही, अण्णा," मी म्हटलं. "डॉक्टरबाईंनी तुम्हाला सांगितलेलं होतं."

आईनं माझा पदर ओढला. लताच्या सासूबाई हातातलं ताट धरून तशाच उभ्या. मलाही वाटलं, झालं, आता अण्णा उठून बाहेर जाणार.

ते उठले नाहीत. मान खाली घालून बसले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हो. सांगितलं व्हतं."

पाहुणे गेल्यावर लतानं मला विचारलं, "ताई, मग आता माफ केलंस का त्यांना?"

नाही केलं. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात माझ्या बाबतीत नशिबाचं नाव कुणी घेतलेलं नाही.